औषध महानियंत्रकांना खुले पत्र: फिलाडेल्फियातला प्रश्न साताऱ्यात कोणाला विचारायचा?

प्रति,
भारताचे औषध महानियंत्रक,
केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना,
नवी दिल्ली.

विषय: वजन कमी करणाऱ्या इंजेक्शनांचे दुष्परिणाम, त्यावरून अमेरिकेत चाललेले हजारो दावे आणि भारतीय रुग्णाला मिळणारी पूर्वसूचना.

महोदय,

हे पत्र मराठीत आहे आणि ते समजून घेण्यासाठी आपल्या कार्यालयात कोणाला तरी भाषांतर करत बसावे लागेल, याची मला कल्पना आहे. इंग्रजीत लिहिणे मला अवघड नव्हते. परंतु आपल्या मान्यतेने विकल्या जाणाऱ्या औषधाच्या खोक्यातले माहितीपत्रक उलगडताना माझ्या जिल्ह्यातील रुग्णाला दर वेळी हीच कसरत करावी लागते, आणि या पत्राचा विषय अखेरीस त्या माहितीपत्रकापाशीच येऊन थांबणार आहे, म्हणून ही भाषा मुद्दाम निवडली आहे.

मी गेली २२ वर्षे साताऱ्यात प्रामुख्याने ग्राहक तक्रारींचे काम करणारी वकील आहे. काही महिन्यांपूर्वी एक शिक्षिका माझ्याकडे आल्या. वय ५२, मधुमेह नाही, वजन ९४ किलो. आठवड्यातून एकदा घ्यायचे वजनाचे इंजेक्शन त्यांना एका खासगी डॉक्टरांनी सुरू केले होते. पाच महिन्यांत १४ किलो वजन उतरले आणि त्याच सुमारास सकाळी खाल्लेली भाकरी संध्याकाळी जशीच्या तशी उलटून पडू लागली. दुर्बिणीने तपासणी करायची म्हणून त्या १२ तास उपाशी राहून गेल्या, तरी जठरात अन्न शिल्लक सापडले. आठवडाभर सलाइनवर काढल्यानंतर इंजेक्शन बंद झाले आणि पुढच्या दोन महिन्यांत पोट हळूहळू ताळ्यावर आले. त्यांच्या न्यू जर्सीत राहणाऱ्या भाच्याने त्यांना तिकडच्या एका वकिली कंपनीची जाहिरात पाठवली होती, ज्यात हीच लक्षणे एकेक करून सांगितली होती आणि खाली फोन नंबर होता. तो व्हिडिओ माझ्यापुढे धरून त्यांनी विचारले, “मॅडम, त्या यादीत माझंही नाव घालता येईल का?”

नाही, हे उत्तर मला लगेच देता आले. औषध साताऱ्यात विकत घेतले, साताऱ्यात टोचले आणि त्रासही इथेच झाला. असा दावा अमेरिकी न्यायालय सहसा आपल्या दारात उभा करत नाही. भोपाळच्या वायुपीडितांचे दावेसुद्धा १९८६ मध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायालयाने भारतातच चालवावेत म्हणून परत पाठवले होते, आणि तिथे तर मूळ कंपनीच अमेरिकेची होती. पण बाई गेल्यावर माझ्याच मनात दुसरा प्रश्न राहिला. त्या यादीतल्या लोकांना जे विचारता येते आहे, ते या बाईंनी इथे कोणाला विचारायचे? त्याचे उत्तर शोधण्यासाठी मी त्या खटल्याचे उपलब्ध आदेश वाचत गेले आणि शेवटी आपल्या नावाने हे पत्र लिहायला बसले.

खटल्याची हकिकत थोडक्यात अशी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये लुइझियानातील एका महिलेने ही इंजेक्शने बनवणाऱ्या नोवो नॉर्डिस्क आणि एली लिली या दोन्ही कंपन्यांविरुद्ध फेडरल न्यायालयात दावा दाखल केला. आपल्याला गॅस्ट्रोपरेसिस, म्हणजे जठराची हालचाल मंदावून अन्न पुढे न सरकण्याचा विकार, या इंजेक्शनांमुळे जडला आणि त्याची पुरेशी सूचना कंपन्यांनी दिली नव्हती, असे तिचे म्हणणे होते. असे दावे ठिकठिकाणी वाढू लागल्यावर २ फेब्रुवारी २०२४ रोजी ते सर्व पेनसिल्व्हेनियाच्या पूर्व जिल्ह्याच्या न्यायालयात, फिलाडेल्फियाला, एकत्र करण्यात आले. ज्या न्यायाधीशांकडे ते सोपवले त्या जीन प्रॅटर यांचे त्याच वर्षी मे महिन्यात निधन झाले आणि काम केरेन मार्स्टन यांच्याकडे आले. सुरुवातीला पन्नासएक असलेले दावे २०२५ संपता संपता तीन हजारांच्या आसपास पोचले.

याला ‘क्लास अॅक्शन’ म्हणणे चूक आहे; आपल्याकडच्या बातम्यांत ही गफलत सर्रास दिसते. क्लास अॅक्शनमध्ये सगळ्यांच्या वतीने एकच दावा चालतो. इथे प्रत्येकाचा दावा स्वतंत्र आहे, प्रत्येकाला स्वतःची इजा आणि स्वतःच्या बाबतीतला कार्यकारणभाव सिद्ध करायचा आहे. फक्त सगळ्यांना समान असलेली पूर्वतयारी एका न्यायाधीशापुढे एकदाच होते. आणि या पूर्वतयारीतला सर्वांत मोलाचा भाग म्हणजे कागदपत्रे उघड करण्याची सक्ती. कंपनीला चाचण्यांच्या काळात काय दिसले, बाजारात आल्यावर डॉक्टरांकडून कोणत्या तक्रारी आल्या, त्यावर आतल्या बैठकांत काय बोलले गेले आणि माहितीपत्रकात अमुक वाक्य का घातले किंवा का गाळले, हे सारे कागद दाव्याच्या ओघात मागता येतात. कंपन्या अर्थात आरोप नाकारतात. मळमळ, उलटी, बद्धकोष्ठता हे त्रास पहिल्यापासून माहितीपत्रकात होते आणि औषधाने जठर रिकामे होण्याचा वेग मंदावतो हेही लिहिलेले होते, असे त्यांचे म्हणणे आहे. दावेदारांचे उत्तर असे की औषध कसे काम करते हे सांगताना ‘वेग मंदावतो’ असे लिहिणे वेगळे, आणि क्वचित काही जणांत तो इतका मंदावेल की रुग्णालयात भरती व्हावे लागेल असा इशारा ठळकपणे देणे वेगळे. या दोन वाक्यांमधील अंतर म्हणजेच तो सगळा खटला आहे. कोणाची बाजू खरी हे तिथले न्यायालय ठरवील. मी त्यात पडत नाही.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगायला हवी. मी या औषधांच्या विरोधात नाही. सेमाग्लुटाइड हे या इंजेक्शनांपैकी नोवो नॉर्डिस्कचे औषध; त्याच्या ‘सिलेक्ट’ या चाचणीत १७,६०४ जण होते, त्यांना हृदयविकार होता पण मधुमेह नव्हता, आणि औषध घेणाऱ्यांत हृदयविकाराचा झटका, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी झाले. ज्या देशात मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर गेल्याचे आपल्याच वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीत दिसले, तिथे अशा औषधाला नाके मुरडणे शहाणपणाचे नाही. माझ्या नात्यातले दोघे ते घेतात आणि सुखी आहेत. परंतु लाभ जितका मोठा, तितके औषध घेणारे अधिक. आणि घेणारे जितके अधिक, तितका क्वचित होणारा दुष्परिणामही संख्येने ठळक होत जातो. युरोपीय औषध संस्थेच्या समितीने जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या बाबतीत डोळ्याच्या ऑप्टिक नर्व्हचा रक्तपुरवठा अचानक तुटून दृष्टी जाण्याचा विकार हा १०,००० जणांमागे एकापर्यंत होऊ शकणारा, अतिशय विरळ दुष्परिणाम म्हणून मान्य केला आणि माहितीपत्रकात तो घालायला सांगितला. १०,००० मध्ये एक हे प्रमाण चाचणीत सहज निसटते. वजनाच्या औषधाची २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेली मुख्य चाचणी १,९६१ जणांवर झाली होती. त्यात असा एकही रुग्ण न दिसणे स्वाभाविक आहे. उद्या भारतात काही लाख लोक हे औषध घेऊ लागले, तर मात्र असे काही डझन रुग्ण कोणत्या ना कोणत्या नेत्रतज्ज्ञाच्या दारात उभे असतील.

वजनाच्या औषधांचा हा पहिला खटला नाही, आणि योगायोग असा की मागचा मोठा खटलाही त्याच फिलाडेल्फियाच्या न्यायालयात चालला. फेनफ्ल्युरामिन आणि फेंटरमिन ही जोडी १९९० च्या दशकात अमेरिकेत लाखो लोकांनी घेतली. १९९७ मध्ये मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी हृदयाच्या झडपा खराब झालेल्या २४ महिलांची माहिती प्रसिद्ध केली आणि काही आठवड्यांत, १५ सप्टेंबर १९९७ रोजी, फेनफ्ल्युरामिन बाजारातून काढून घेण्यात आले. १९९९ मध्ये उत्पादक कंपनीने ३.७५ अब्ज डॉलरचा देशव्यापी समझोता मान्य केला. पुढे कंपनीला त्याच्या कित्येक पट रक्कम बाजूला ठेवावी लागली.

माझ्या व्यवसायबंधूंना आवडणार नाही, पण त्या समझोत्याची दुसरी बाजूही इथे सांगितली पाहिजे, कारण ‘आपल्याकडेही अमेरिकेसारखे खटले व्हायला हवेत’ असे मी म्हणते आहे, असा कोणाचा समज होऊ नये. भरपाईसाठी हृदयाचा इको लागत होता, म्हणून वकिलांनी ठिकठिकाणी इको काढण्याची केंद्रेच उभी केली, निरोगी झडपा खराब म्हणून नोंदवल्या गेल्या आणि अखेर न्यायाधीशांना गंभीर इजेचे सर्व दावे तपासून घेण्याचा आदेश द्यावा लागला. केंटकी राज्यात तर सुमारे ४४० अशिलांच्या वतीने २० कोटी डॉलरची रक्कम मिळवणाऱ्या वकिलांपैकी दोघांना अशिलांचेच पैसे लाटल्याबद्दल २००९ मध्ये तुरुंगवासाची शिक्षा झाली. न्यू जर्सीच्या भाच्याने पाठवलेली जाहिरात मी म्हणूनच जरा सावधपणे पाहिली. तिथे वकील सहसा मिळणाऱ्या रकमेतला वाटा घेतो. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनी तसा वाटा घेणे निषिद्ध आहे, आणि ते बरेच आहे, असे मला वाटते. मात्र त्याचा परिणाम असाही होतो की औषध कंपनीशी दहा वर्षे झगडण्याचा खर्च सोसणारा इथे कोणी नसतो.

आता ज्या निर्णयाने मला सर्वांत जास्त विचारात पाडले, त्याविषयी. ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीश मार्स्टन यांनी ठरवले की गॅस्ट्रोपरेसिसचा दावा करायचा असेल तर नुसती लक्षणे आणि डॉक्टरांचे मत पुरेसे नाही. जठर रिकामे होण्याची रीतसर चाचणी झालेली असली पाहिजे. ही चाचणी बहुधा अशी होते: किरणोत्सारी द्रव्याची अल्प मात्रा मिसळलेले अंड्याचे खाणे रुग्णाला देतात आणि चार तासांपर्यंत ठरावीक अंतराने कॅमेऱ्याने पोटाची छायाचित्रे घेतात. चार तासांनंतर खाण्याचा १० टक्क्यांहून अधिक भाग जठरात उरला असेल तर वेग मंदावला आहे, असे समजतात. शास्त्राच्या दृष्टीने या निर्णयात खोट काढता येत नाही. उलटीला कारणे पन्नास असू शकतात.

पण रुग्णाच्या बाजूने पाहा. सेमाग्लुटाइड शरीरातून निम्मे कमी व्हायला साधारण एक आठवडा लागतो, म्हणजे इंजेक्शन थांबवल्यावर पाच-सहा आठवड्यांत ते जवळजवळ निघून जाते, आणि बहुतेकांच्या जठराचा वेगही पूर्वपदावर येतो. रुग्णाच्या हिताची हीच गोष्ट पुराव्याच्या दृष्टीने घातक आहे, कारण चाचणी त्या काही आठवड्यांत झाली नाही तर ती नंतर करून उपयोग नाही. अमेरिकेतसुद्धा असंख्य दावेदारांकडे ती नाही. साताऱ्यातल्या शिक्षिकेला ती कोणी सुचवलीच नव्हती. अशी चाचणी करणारा न्यूक्लियर मेडिसिनचा विभाग प्रत्येक रुग्णालयात नसतो, हा भाग आणखी वेगळा. त्यांच्या फाइलमध्ये दुर्बिणीच्या तपासणीचा अहवाल, सलाइनची बिले आणि ‘तीव्र जठरदाह’ असे निदान एवढेच आहे. इंजेक्शनचा उल्लेख डिस्चार्ज कार्डावर नाही.

आणि समजा, चाचणी झाली असती, तरी पुढे काय? ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये उत्पादनाच्या दायित्वाचे एक स्वतंत्र प्रकरण आले, तेव्हा आम्हा मंडळींना आनंद झाला होता. कलम ८४ म्हणते की वापराविषयी पुरेशा सूचना किंवा इशारा नसेल तर उत्पादक जबाबदार आहे. मात्र कलम ८७ मध्ये अपवाद आहेत, आणि त्यांपैकी एक असा की कायद्याने केवळ तज्ज्ञाच्या देखरेखीखाली वापरायचे किंवा द्यायचे उत्पादन असेल आणि उत्पादकाने त्या तज्ज्ञाला इशारे पोचवण्यासाठी वाजवी उपाय योजले असतील, तर इशारा न दिल्याबद्दल उत्पादकावर दावा चालत नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणारे प्रत्येक औषध या अपवादात बसते. अमेरिकेतही असेच तत्त्व आहे, म्हणून तिथले दावेदार म्हणतात की डॉक्टरांनाच पुरेसे सांगितले नव्हते. आणि ते सिद्ध करण्यासाठी कंपनीचे कागद त्यांच्या हाती येतात. आमच्या जिल्हा आयोगापुढे कंपनीला कागद उघड करायला लावण्याची ही प्रक्रिया व्यवहारात नाही. परिणामी कंपनी बाजूला राहते आणि रुग्ण व डॉक्टर एकमेकांसमोर उभे राहतात, कारण डॉक्टरांची सेवा १९९५ च्या शांता प्रकरणातील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून ग्राहक कायद्याच्या कक्षेत आहे. माझ्या अशिलाने त्या डॉक्टरांविरुद्ध तक्रार करायचे नाकारले. “त्यांना तरी कुठे माहीत होतं,” असे त्या म्हणाल्या. मला ते पटले.

पुष्कळ ग्राहकांनी मिळून एक तक्रार करण्याची सोय याच कायद्यात कलम ३५ मध्ये आहे, हे आपण म्हणाल. आहे खरी. परंतु तिचा इतिहास उत्साह वाढवणारा नाही: खुद्द केंद्र सरकारने मॅगीच्या प्रकरणात २०१५ मध्ये ग्राहकांच्या वतीने ६४० कोटी रुपयांची मागणी केली होती आणि राष्ट्रीय आयोगाने ती २०२४ मध्ये फेटाळली. जिथे सरकारचीच तक्रार नऊ वर्षांनी अशी निकालात निघते, तिथे साताऱ्याच्या दहा-बारा रुग्णांनी काय आशा धरावी?

याउलट, एक उदाहरण आपल्याच संघटनेच्या दप्तरात आहे आणि ते महाराष्ट्राला जवळचे आहे. जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका उपकंपनीचा धातूचा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. अमेरिकेत त्यावरचे दावे असेच एकत्र चालले आणि २०१३ मध्ये सुमारे २.५ अब्ज डॉलरचा समझोता झाला. भारतात सुमारे ४,७०० रुग्णांच्या शरीरात तो खुबा बसवलेला होता. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने प्रकरण लावून धरले, तरी केंद्राची तज्ज्ञ समिती नेमली गेली ती २०१७ मध्ये, आणि भरपाईचे सूत्र आले ते २०१८ मध्ये. अनेक रुग्णांचा तोवर पत्ताच लागत नव्हता, कारण कोणाला तो बसवला याची नोंदवही नव्हती. अशी समिती नंतर नेमता येते हे त्यावरून दिसते. पण आठ वर्षे उशिरा, हेही दिसते.

आपल्या कार्यालयाने वजनाच्या औषधांच्या बाबतीत याआधी कठोर पावले उचलली आहेत, हे मी विसरलेले नाही. फेनफ्ल्युरामिनवर १९९८ मध्ये, रिमोनाबँटवर २००९ मध्ये आणि सिब्युट्रामिनवर २०११ मध्ये भारतात बंदी आली. तिन्ही वेळा आधी परदेशात औषध थांबले आणि मग आपण थांबवले. या वेळी ती वाट बंद आहे, कारण ही इंजेक्शने कोठेही थांबवली जाण्याची चिन्हे नाहीत आणि थांबवावीत असे माझेही म्हणणे नाही. बदलत राहील ते माहितीपत्रक. अमेरिकेत सप्टेंबर २०२३ मध्ये आतड्याची हालचाल ठप्प होण्याचा उल्लेख त्यात आला. नोव्हेंबर २०२४ मध्ये भूल देताना पोटातील अन्न श्वासनलिकेत जाण्याचा इशारा आला. युरोपात २०२५ मध्ये दृष्टीचा. औषधावर बंदी आली की बातमी होते आणि दुकानदार माल परत पाठवतो. इशाऱ्याची एक ओळ वाढली, तर ती कऱ्हाडच्या दुकानदारापर्यंत किंवा फलटणच्या भूलतज्ज्ञापर्यंत कोण पोचवणार? ज्या रुग्णाने शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री नियमाप्रमाणे उपवास केला आणि आपण वजनाचे इंजेक्शन घेतो हे कोणाला सांगितले नाही, कारण ते ‘औषध’ आहे असे त्याला वाटतच नाही, त्याच्या जिवाशी ती एक ओळ जोडलेली आहे.

म्हणून माझी पहिली मागणी माहितीपत्रकाविषयी आहे. अमेरिकेत या प्रत्येक औषधासोबत रुग्णासाठी सोप्या भाषेतले वेगळे पत्रक देणे बंधनकारक आहे. आपल्याकडे आयात औषधांच्या माहितीपत्रकाविषयी औषध नियमावलीत स्पष्ट शब्दांत एकच भाषा सांगितली आहे, ती इंग्रजी. आणि खोक्यातला तो मुंगीएवढ्या अक्षरांचा, घडी घातलेला कागद डॉक्टरांसाठीच लिहिलेला असतो. रुग्णासाठीचे पत्रक मराठीसह सर्व प्रमुख भारतीय भाषांत असावे आणि त्यात चार-पाच गोष्टी ठळक असाव्यात: न थांबणाऱ्या उलट्या आणि पोट फुगणे, पाठीपर्यंत जाणारी तीव्र पोटदुखी, एका डोळ्याची दृष्टी अचानक अंधूक होणे, कोणत्याही शस्त्रक्रियेपूर्वी भूलतज्ज्ञांना इंजेक्शनविषयी सांगणे, आणि त्रास झाल्यास कोठे कळवायचे. कागद वाढतो अशी कंपन्यांची तक्रार असेल तर ३०० प्रमुख ब्रँडवर ऑगस्ट २०२३ पासून जो क्यूआर कोड सक्तीचा केला आहे, त्याच धर्तीवर या औषधांच्या खोक्यावरील कोडमागे हे पत्रक ठेवता येईल. मग इशारा बदलला की पत्रकही त्याच दिवशी बदलेल.

दुसरी गोष्ट जेनेरिकची आहे आणि ती तातडीची आहे. सेमाग्लुटाइडच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतची. त्यानंतर एका मूळ कंपनीच्या जागी अनेक कंपन्या, अनेक नावे, अनेक किमती असणार, आणि किंमत उतरणे हे आपल्या रुग्णांसाठी निःसंशय चांगले आहे. पण इशारा अद्ययावत ठेवण्याची जबाबदारी कोणाची? अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये वायथ विरुद्ध लेव्हाइन या प्रकरणात ठरवले की सरकारी मान्यता मिळाली म्हणून मूळ कंपनीची इशारा देण्याची जबाबदारी संपत नाही. दोनच वर्षांनी, २०११ मध्ये, प्लिव्हा विरुद्ध मेन्सिंग प्रकरणात त्याच न्यायालयाने म्हटले की जेनेरिक कंपनीला मूळ कंपनीचेच माहितीपत्रक वापरावे लागत असल्याने तिच्यावर अपुऱ्या इशाऱ्याचा दावा लावता येत नाही. म्हणजे औषध तेच, इजा तीच, आणि रुग्णाने कोणती डबी विकत घेतली यावर त्याचा हक्क अवलंबून. ही विसंगती आपल्याकडे न्यायालयात जाऊन उघडी पडण्याआधी आपण तिला आदेशाने मिटवू शकता: सेमाग्लुटाइडच्या प्रत्येक उत्पादकासाठी एकच संदर्भ माहितीपत्रक आपल्या संकेतस्थळावर असावे, आणि त्यात बदल झाल्यापासून ठरावीक दिवसांत सर्वांनी तो अमलात आणावा.

तिसरी गोष्ट नोंदीची. औषधांच्या दुष्परिणामांवर नजर ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून चालू आहे, त्याचे केंद्र गाझियाबादला आहे, त्याचा १८००-१८०-३०२४ हा निःशुल्क क्रमांक आहे आणि रुग्णाने स्वतः भरायचा अर्ज मराठीतही उपलब्ध आहे. हे लिहिताना मला गंमत वाटते: त्रास झाल्यावर तक्रार मराठीत करता येते, त्रास होऊ शकतो हे मात्र मराठीत वाचता येत नाही. माझ्या अशिलाला या क्रमांकाची माहिती नव्हती, त्यांच्या डॉक्टरांनाही नव्हती. आम्ही तिघांनी माझ्या कार्यालयात बसून तो अर्ज भरला. नव्या औषधाच्या उत्पादकाने पहिली दोन वर्षे दर सहा महिन्यांनी आणि पुढची दोन वर्षे दरवर्षी सुरक्षिततेचा अहवाल आपल्याकडे द्यायचा असतो, असा २०१९ च्या नियमांचा दंडक आहे. या वर्गातील औषधांच्या अहवालांचा गोषवारा, कंपनीची व्यापारी गुपिते वगळून, जनतेसाठी प्रसिद्ध करावा. फिलाडेल्फियात जे कागद हजारो लोकांनी दावे लावल्यावर बाहेर येतात, त्यांतले थोडे तरी आपल्या एका परिपत्रकाने इथे दावा न लावता बाहेर येतील. त्यासोबत डॉक्टरांना एक सूचनाही जावी की हे इंजेक्शन घेणारा रुग्ण सततच्या उलट्या घेऊन आला, तर डिस्चार्ज कार्डावर इंजेक्शनचे नाव व शेवटच्या मात्रेची तारीख लिहावी, आणि शक्य तिथे जठर रिकामे होण्याची चाचणी औषधाचा अंमल असतानाच करावी.

दिल्ली उच्च न्यायालयापुढे या औषधांच्या मान्यतेविषयी आणि भारतीयांवरील परिणामांच्या पुरेशा माहितीविषयी एक जनहित याचिका आली होती. २ जुलै २०२५ रोजी न्यायालयाने तिचा निर्णय स्वतः न करता याचिकाकर्त्याचे निवेदन आपल्याकडे सोपवले आणि तज्ज्ञांशी सल्लामसलत करून तीन महिन्यांत ठरवायला सांगितले. त्या सल्लामसलतीत कोणते तज्ज्ञ होते, त्यांनी कोणती माहिती तपासली आणि ते कोणत्या कारणांनी कोणत्या निष्कर्षाला आले, ते पूर्ण स्वरूपात आपल्या संकेतस्थळावर ठळकपणे ठेवावे. भारतीयांची शरीरे कमी वजनातही चरबी जास्त आणि स्नायू कमी अशी असतात, हे पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी अनेक वर्षांच्या अभ्यासातून दाखवले आहे; आणि या इंजेक्शनांनी उतरणाऱ्या वजनात स्नायूंचाही वाटा असतो. तेव्हा मुळात कमी असलेल्या स्नायूंतून काय जाते, हा प्रश्न अमेरिकेतील कोणत्याही दाव्यात विचारला जाणार नाही. तो इथेच, आणि आपल्यालाच विचारावा लागेल.

ग्राहक कायद्यात तक्रारीची मुदत दोन वर्षांची आहे. माझ्या अशिलाचे त्यांपैकी काही महिने गेले आहेत आणि त्या कोणाविरुद्ध तक्रार करणार नाहीत, असे त्यांनी मला सांगितले आहे. वरील मागण्यांवर आपल्या कार्यालयाची भूमिका ६० दिवसांच्या आत लेखी कळवावी, अशी विनंती आहे. उत्तर इंग्रजीत आले तरी चालेल. त्यांच्यासाठी ते मी मराठीत करून देईन.

आपली विश्वासू,
एक वकील, सातारा

प्रत माहितीसाठी: आयुक्त, अन्न व औषध प्रशासन, महाराष्ट्र राज्य; केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण, नवी दिल्ली.